जुन्या पॉवरबुक जी४ मध्ये स्वस्त एसएसडी चालेल का?

प्रश्न: माझ्या २००५ च्या पॉवरबुकची (अ‍ॅपलच्या जुन्या लॅपटॉपची) मूळ हार्ड डिस्क आता सुरू होताना खरखरते. हे यंत्र मला टाकून द्यायचे नाही. त्यात साधी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) बसेल का?

उत्तर १: थेट बसणार नाही, कारण आतली जोडणी ४४ पिनांची आयडीई (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) आहे, मात्र एमसाटा (छोट्या कार्डासारखी) एसएसडी २.५ इंची अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून लावता येते. महागडी मुळीच घेऊ नका, कारण या आयडीई जोडणीच्या अल्ट्रा एटीए/१०० प्रकाराची मर्यादाच सेकंदाला १०० मेगाबाइट आहे. खरा फायदा जाणवतो तो विखुरलेल्या लहान फायली उघडताना.

उत्तर २: टायगरमध्ये (मॅकच्या त्या काळच्या कार्यप्रणालीत) ट्रिमची, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा एसएसडीला कळवण्याची, सोय नाही, म्हणून थोडी जागा मोकळी ठेवावी. अ‍ॅडॉप्टर सरळ रेषेतच दाबा. माझी एक पिन वाकली होती आणि ती चिमट्याने सरळ करावी लागली. त्याआधी, जुनी डिस्क चालते आहे तोवरच, फायरवायरने (बाहेरची डिस्क जोडण्याच्या वेगवान केबलने) तिची पूर्ण प्रत काढून ठेवा.