जिल्हा परिषदेची शाळा चांगली की वाईट, हे ठरवायचं कशावरून?

माळवद

पहिलीत नाव टाकायचे दिवस आले की गावात दोनच सूर निघतात. एक, "आपली झेडपीची शाळा आता लई सुधारली." दुसरा, "तिथं शिकवतंय कोण?" दोन्ही बोलणारे बहुतेक वेळा फाटकाच्या आत गेलेलेच नसतात. रंगवलेल्या भिंती, बोलका व्हरांडा, लोकवर्गणीतून आलेला टीव्ही, 'माझी शाळा, सुंदर शाळा'चं बक्षीस या सगळ्यावरून शाळा नीटनेटकी आहे एवढंच कळतं. 'असर'चा, म्हणजे 'प्रथम' संस्थेच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा, अहवाल दाखवून गावच्या शाळेला नावं ठेवणंही चूकच. तो जिल्ह्यातल्या ३० गावांतल्या प्रत्येकी २० घरांवरून काढलेला अंदाज असतो, तुमच्या शाळेचा त्यात उल्लेखही नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. तिसरीचा वर्ग बघा, वाचन आणि वजाबाकी बघा, बाकी सगळं नंतर.

लेकरं गुरुजींनी निवडायची नाहीत, नाहीतर तीच चार हुशार पोरं पुढं येतात. हजेरीपटावरचं दर पाचवं नाव घ्या. दुसरीच्या पुस्तकातला मधला एखादा परिच्छेद द्या. सुरुवातीचे धडे पाठ असतात, म्हणून शेवटच्या ओळीपासून वर वाचायला लावा. पाठांतर असेल तर तिथंच गाडी अडते. 'पर्वत', 'वर्ष', 'प्रश्न', 'स्वच्छ' हे शब्द मुद्दाम बघा. 'वर्ष'चं 'वरष' होत असेल तर रफार शिकवायचा राहिलाय. वाचून झालं की त्यातलाच एक साधा प्रश्न विचारा. 'निपुण भारत' या केंद्राच्या वाचन-गणित मोहिमेत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. दुसरीला ४५ ते ६०.

मग ५२ वजा २७. उत्तर ३५ आलं तर लेकरानं २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ ७ मधून २ काढलेत. म्हणजे दशक सुटा करणं काड्यांच्या गठ्ठ्यांवर झालेलंच नाही, नुसतं फळ्यावर झालंय. शेवटी तोंडी सांगून आकडे लिहायला लावा: सत्तेचाळीस, एकोणतीस. ४७ चे ७४ आणि २९ चे ३९ किती जण करतात ते मोजा. मराठीत एकक आधी उच्चारतो आणि एकोणतीसमध्ये 'तीस' ऐकू येतं, त्यामुळं ही चूक पहिलीत होणारच. तिसरीत ती उरली असेल तर शाळेनं दोन वर्षं तिकडं पाहिलेलं नाही.

दहा लेकरांना एका माणसाला तासभर लागतो. यापेक्षा खरं माप मला माहीत नाही.

गोदाथडी

माळवदराव, माप खरं आहे, पण ते तुम्ही शाळेला लावताय की गुरुजीला?

आपल्याकडच्या बहुतेक वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा द्विशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० लेकरांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तिसरा. म्हणजे ५८ पटाच्या शाळेत पहिली ते पाचवी मिळून दोघं. एकाकडं पहिली-दुसरी, दुसऱ्याकडं तिसरी-चौथी-पाचवी. ४० मिनिटांची तासिका तीन वर्गांत वाटली की तिसरीच्या वाट्याला समोरासमोर शिकवणं येतं १३ मिनिटं. त्यातल्याच एकाकडं मुख्याध्यापकाचा पदभार असतो, म्हणजे पोषण आहाराची रोजची नोंद, ऑनलाइन माहिती, केंद्राच्या बैठका, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम. कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामांना मनाई करतं, पण मतदार यादी बाराही महिने चालूच असते.

याच मापानं लातूर शहरातली वर्गाला एक शिक्षक असलेली शाळा आणि किनवटच्या डोंगरातली द्विशिक्षकी शाळा मोजली, तर तुम्ही शाळा नाही, नशीब मोजलं. मोजायचंच तर वाढ मोजा. जूनअखेर कोण कुठं होतं आणि मार्चमध्ये तेच लेकरू कुठं आहे. अक्षरावर अडकलेलं पोर परिच्छेदापर्यंत आलं तर ती शाळा चांगली, मग तिसरीचा सरासरी आकडा काही का असेना.

रोखठोक_परभणी

झालं, सुरू झाली कारणं. बहुवर्ग शिकवणं डीएडलाच शिकवतात ना? तीन वर्ग एकत्र बसवून गट पाडले, पाचवीच्या पोराला तिसरीचं वाचन घ्यायला लावलं, एका गटाला स्वाध्याय दिला, की १३ मिनिटांचं रडगाणं संपतं. करणारे करतातच.

सगळ्यात सोपं माप पालकांनी कधीच लावलंय. अंगणवाडीतली सहा वर्षांच्या लेकरांची यादी घ्या, पहिलीच्या हजेरीशी ताडून बघा. पंधरातली सहाच गावच्या शाळेत आली आणि नऊ पिवळ्या व्हॅननं तालुक्याला गेली, तर निकाल लागला. गरीब माणूस उगं पैसे घालत नाही.

माळवद

रोखठोक, व्हॅन हे गुणवत्तेचं माप नाही. ती दारात येते, पोर बूट-टाय घालून संध्याकाळपर्यंत बाहेर राहतं आणि आई-बाप निवांत रानात जातात. त्याच व्हॅनमधल्या तिसरीच्या पोराला हेच ५२ वजा २७ घालून बघा. इंग्रजी कविता तोंडपाठ असते, आणि 'ही गोष्ट कशाबद्दल आहे' म्हटलं की तोंडाकडं बघत राहतं.

शिवाय पट हा आकडा कधीच निव्वळ नव्हता. नांदेडमधून सुरुवात होऊन ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, लेकरांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली, ती का? आता संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर आणि आधार जुळलेल्या नावांवर होते. खोटी नावं त्यानं कमी झाली. पण नावात एक अक्षर चुकलेलं खरं लेकरूही मोजणीतून गळतं, आणि ६१ चे ६० झाले की तिसरी जागा गेली. त्यामुळं पटावरून शिकवण्याचा अंदाज बांधू नका.

गोदाथडी गुरुजी, वाढ मोजा म्हणता, कबूल. पण सुरुवातीचं माप शाळेनंच लिहिलेलं असेल तर ते मुद्दाम खाली लिहिलं जातं. पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे पेपर तपासतं कोण? ज्यांनी शिकवलं तेच.

फड_आणि_फळा

इथं सगळे जून ते मार्च बोलताहेत. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात शाळेचं वर्ष असं सलग चालतच नाही. दसरा-दिवाळीला ऊसतोडीचे कोयते निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि पाडव्याच्या आगंमागं परततात. तिसरीचं लेकरू मधले चार-पाच महिने फडात धाकटं भावंड सांभाळत असेल, तर मार्चमध्ये त्याला वाचायला लावून तुम्ही कुणाचा निकाल लावताय?

अशा गावात मी आधी सप्टेंबरचा आणि जानेवारीचा हजेरीपट शेजारी-शेजारी ठेवून बघायला सांगेन. निम्म्या गावाला कुलूप असताना जानेवारीतही सगळ्यांपुढं हजेरीची खूण दिसली, की पुढचं काही तपासायची गरज नाही. रकाने रिकामे असतील तर निदान खरेपणा आहे, मग पुढचं विचारा. जाणाऱ्या कुटुंबांची यादी टोळ्या निघायच्या आधी, घरोघर फिरून केली होती का? हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव कधी गेला? मंजुरी डिसेंबरात आली तर बैलगाडीसोबत लेकरू गेलेलं असतं, मग वसतिगृह कागदावर भरतं. आजी-आजोबांकडं राहिलेल्या लेकराला दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळचा अभ्यास शाळेतच मिळतो का? आणि जे गेलंच, त्याच्या हातात तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी पत्रक दिलं का, तिथल्या शाळेनं त्याला बसवून घेतलं का, परत आल्यावर त्याच्यासाठी वेगळा गट केला का?

वसतिगृह वेळेवर सुरू करून तीस लेकरं मागं ठेवणारी शाळा मी तुमच्या ६० शब्दांच्या शाळेच्या वर ठेवीन.

औंढ्याची_लेक

परीक्षा घेण्याआधी वह्या मागा. लेकरू अनोळखी माणसासमोर बुजतं, वही बुजत नाही.

गणिताच्या पाच वह्या उघडा आणि तारखा बघा. आठवड्यात तीनच दिवसांचं काम दिसलं तर बाकीचे दिवस कुठं गेले? पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास कायद्यात लिहिलेत. मग लाल शाई बघा. चुकलेल्या उत्तरावरही बरोबरची खूण असेल तर वही नुसती चाळलीय. चूक दाखवली, पण खाली लेकरानं ती दुरुस्त केलेली नाही, तर तपासणी अर्धीच. आणि 'माझी आई' निबंध पाचही वह्यांत शब्दाला शब्द तोच असेल, तर तो फळ्यावरून उतरवलाय. चांगल्या शाळेत निबंध चुकीचा असतो, वाकडातिकडा असतो, पण प्रत्येकाचा वेगळा असतो.

वह्या झाल्या की स्वयंपाकघर. पोषण आहारात पहिली ते पाचवीला लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. ४० लेकरं हजर तर ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी. पातेल्यात बघितलं की वरण आहे की पिवळं पाणी, हे सांगायला वजनकाटा लागत नाही. हजेरीपट, आहाराची नोंद आणि पंगतीला बसलेली डोकी, तिन्ही आकडे एकाच दिवशी जुळवा. वाढण्याआधी जेवण चाखल्याची नोंद असते त्या चव रजिस्टरवर महिनाभराच्या सह्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत केलेल्या लगेच ओळखू येतात.

रोखठोक_परभणी

ताई, खिचडी आणि वह्या ठीक, पण त्यानं इंग्रजी येतं का? पालकाला सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, पाहिजे.

औंढ्याची_लेक

सेमीचा फलक लावायला रंगाचा डबा पुरतो. गणिताचं पुस्तक इंग्रजीत आणि समजावणं मराठीत, मग पेपरात 'टेक अवे' वाचून लेकरू बेरीज करतं. ते शिकवणारे कोण आहेत आणि बदलीत ते गेले तर मागं कोण, हे विचारा. उत्तर नसेल तर फलकाकडं बघू नका.

दुधनाकाठ

शिष्यवृत्ती परीक्षेचं कुणीच कसं बोलेना? प्रत्येक शाळेच्या भिंतीवर गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फोटो असतात. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण, परीक्षा परिषद घेते, उत्तरपत्रिका बाहेर तपासतात. माळवद म्हणतात तसा 'स्वतःच तपासलं'चा आक्षेप इथं उरत नाही.

गोदाथडी

उरत नाही, पण दुसरा येतो. शाळेत २२ पोरं आणि परीक्षेला बसवली ६. त्या सहांसाठी सकाळी जादा तास, सरावसंच, सुट्टीतही वर्ग, आणि उरलेली १६ पोरं त्या वेळात पटांगणात. फोटो भिंतीवर लागला तरी वर्ग खालीच राहिला. विचारायचंच तर एवढं विचारा: पटावर किती, बसले किती, दोन्ही पेपरांत ४० टक्क्यांच्या वर किती. पहिला आकडा भिंतीवर कधीच लिहिलेला नसतो.

तांड्यावरून

माळवद, तुमच्या वाचनाच्या चाचणीत एक भोक आहे. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उमरग्याकडं कन्नड, आणि शहरांच्या मोहल्ल्यांत दखनी. पहिलीत ही लेकरं गप्प असतात. ती मंद नसतात, बाई काय म्हणतात तेच त्यांना कळत नसतं. तिथली शाळा जोखायला पहिलीत जा. बाई सूचना आधी त्यांच्या बोलीत देऊन मग मराठीत सांगतात का, चित्रावर त्यांना त्यांच्या शब्दांत बोलू देतात का, घरच्या बोलीतल्या वस्तूंची नावं फळ्यावर येतात का. जिथं हे होतं तिथं तिसरीपर्यंत मराठी वाचन जमतं. जिथं "मराठीत बोल" म्हणून गप्प बसवतात, तिथं लेकरू अक्षरं जोडून धडाधडा वाचतं आणि अर्थ विचारला की खाली बघतं.

माळवद

म्हणून तर वाचून झाल्यावर प्रश्न विचारा म्हटलंय. आणि उत्तर गोरमाटीत आलं तरी बरोबर धरा, समजलं की नाही एवढंच बघायचंय. पण तिसरीचं माप मी सोडणार नाही. वसतिगृह उत्तम, खिचडी दाट, बाई प्रेमळ, आणि तिसरी संपली तरी लेकरू परिच्छेद वाचेना, तर पुढं चौथीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक त्याला कोण वाचून दाखवणार?

गोदाथडी

मग निदान रीत नीट ठरवा. माप शाळा व्यवस्थापन समितीमार्फत घ्या. कायद्यानं तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला पाहिजेत. आपल्याकडं ती सरपंचाच्या माणसांची होते हा भाग वेगळा. पहिलं माप जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दुसरं सप्टेंबरअखेर, म्हणजे टोळ्या निघायच्या आधी, तिसरं मार्चमध्ये. सुरुवातीचं माप एका पालकानं आणि एका शिक्षकानं मिळून लिहायचं, दोघांची सही, म्हणजे मुद्दाम खाली लिहिल्याचा तुमचा संशयही मिटतो. फडावरून परतलेल्यांची यादी वेगळी, त्यांची बेरीज बाकीच्यांत करायची नाही.

आणि एक अट. लेकरांची नावं असलेला तो कागद शाळेच्या कपाटात राहील. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमक्याच्या पोराला वाचता येत नाही' असा फोटो फिरला, तर पुढच्या वेळी ना पोर समोर येईल ना गुरुजी.

रोखठोक_परभणी

नावं झाका, आकडे दाखवा. कपाटात गेलेला कागद ग्रामसभेत कधी येतो ते आपल्याला माहीत आहे, गुरुजी.

फड_आणि_फळा

आकडे दाखवताना पटावर किती आणि मापाच्या दिवशी हजर किती, हे दोन रकाने पहिले टाका. नाहीतर मार्चला गावात उरलेल्या बारा पोरांची टक्केवारी काढून शाळा ८० टक्क्यांवर जाईल, आणि निम्मा तांडा तेव्हा सांगलीच्या फडातून निघायच्या तयारीत असेल.