रॉसेटीचं ‘द ब्ल्यू क्लोझेट’: असं वाद्य नव्हतंच, मग बिघडलं कुठे?

रंगवेडी: काल एकाने इंग्रज चित्रकार रॉसेटीचं हे १८५७चं जलरंगचित्र टाकून खाली लिहिलं, “मध्ययुगात राण्या अशा वाजवत.” अहो, कुठल्या राण्या? समोरासमोर दोघी, मधे एकच वाद्य. त्यालाच पट्ट्या, त्यालाच तारा, वर घंटाही. सगळं रॉसेटीने मनाने रचलंय. मागे दोघी गातायत, भोवती निळ्या फरश्या आणि पुढे एकच लालभडक लिली. सूर त्या निळ्या-लालात आहे. कवी विल्यम मॉरिसने चित्र विकत घेतलं, त्यावर कविता केली आणि त्या लिलीला थेट मेलेल्यांच्या देशातली माती चिकटवली. चित्रात तसं काहीही नाही. पण त्याला ते ऐकू आलं!

मिरजेचा तंबोरा: नाही पटलं. १८४८ला रॉसेटी आणि मित्रांनी ‘प्री-रॅफेलाइट’ चित्रकारांचं मंडळ काढताना निसर्गाशी इमान राखायच्या गोष्टी, आणि वाद्य मात्र मनातलं? आमच्या घरी तंबोरे होतात. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकला की जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा झंकार, गेली. वाद्याची जाण असलेला माणूस असलं काढणार नाही.

कोरा कागद: वाद्य राहू द्या, याला जलरंग तरी म्हणायचं का? रॉसेटी जाड, कोरडा रंग थापतो, गोंद घालतो, वर खरवडतो. पारदर्शकपणा औषधालाही नाही. जलरंगात पांढरा म्हणजे कागद, बस्स.

पोस्टर व्हाइट: आला का तो नियम! इंटरमिजिएटच्या तयारीत सरांनी माझं चित्र नळाखाली धरलं, ढगात पांढरा रंग होता म्हणून. पुढे कित्येक वर्षं मी ब्रशला हात लावला नाही. युरोपातल्या हस्तलिखितांतली चित्रं अपारदर्शकच होती, आपली लघुचित्रंही. रॉसेटी त्या हस्तलिखितांकडेच बघत होता.

कोरा कागद: मग सरळ गुवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, म्हणा ना. सर चुकले, पण मुलांना पहिल्या दिवसापासून पांढरी ट्यूब दिली तर वॉश, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाचा हात, कधी येणार? मी शिकवतो, रोज बघतो.

पोस्टर व्हाइट: वॉश येतो हो, मूलच वर्गात येत नाही. त्याचं काय?

रंगवेडी: कृपा करून चित्राकडे या. रॉसेटीचं स्वतःचंच म्हणणं होतं की मॉरिसच्या कविता चित्रांवरून सुचल्या, पण चित्रांशी जुळत नाहीत. म्हणजे बघणाऱ्याने आपलं गाणं आपण ऐकावं एवढी जागा यात आहे. वाद्य खरं असतं तर आपण सगळे ते कुठलं हेच शोधत बसलो असतो.

मिरजेचा तंबोरा: बरं, रंग जुळलेत, तेवढं मानतो. वाद्य वाजणार नाही हे तुम्ही माना. आणि “राण्या अशा वाजवत” लिहिणाऱ्याने ती ओळ आधी काढावी.