मदत हवी आहे: कॅमेरा आणि चार लेन्स मावतील अशी आटोपशीर बॅग

रंकाळ्याचा_वारा
कॅमेरा बॅग घ्यायची आहे. लहान हवी, पाठीवर दप्तर घेऊन फिरायचं वय गेलं. पण चार लेन्स आणि फ्लॅश मावला पाहिजे आणि पावसाचं पाणी आत जाता कामा नये. सध्याच्या बॅगेची चेन गेली आहे. पुढच्या शनिवारी आंबोलीला निघतोय, म्हणजे मागवायची तर उद्यापर्यंत ठरायला हवं. कोल्हापुरात दोन दुकानं बघितली, दोन्हीकडे तेच ते. जुने धागे वाचलेत, त्यातली एकही बॅग आता मिळत नाही, त्यामुळे "आधी शोध घ्या" म्हणू नका. फक्त नाव सांगा, बाकी मी बघतो.

पिंगळा
कॅमेरा कोणता? लेन्स कोणत्या? बजेट किती? गाडीने जाणार की एसटीने? काहीच न सांगता नाव कसलं सांगणार?

रंकाळ्याचा_वारा
निकॉनचा डीएसएलआर. लेन्स नेहमीच्याच: किटची (कॅमेऱ्यासोबत आलेली), ३५ एमएम, एक मॅक्रो (बारकं काही जवळून काढायची) आणि एक झूम. बजेट ठीकठाक, उगाच दहा हजार घालवायचे नाहीत. गाडी आहे.

मुंगूस
पीक डिझाइनची एव्हरीडे स्लिंग, म्हणजे एका पट्ट्याची तिरकी अडकवायची बॅग, सहा लिटरची. डोळे झाकून घ्या. मी गेली काही वर्षं तीच वापरतोय. छातीवर फिरवली की चेन उघडून कॅमेरा हातात, बॅग खाली ठेवायची गरजच नाही. आतले कप्पे पाडायचे पडदे घडी घालता येतात, त्यामुळे बारकी लेन्स खाली आणि वर दुसरी असं रचता येतं.

पिंगळा
भारतात ती कितीला पडते ते बघा आणि मग वरचं "दहा हजार घालवायचे नाहीत" परत वाचा.

मुंगूस
एकदाच घ्यायची असते हो. लाखाचा माल आत ठेवायचा आणि बॅगेत काटकसर?

सातासमुद्रापार
विमानाने जाणार असाल तर लक्षात ठेवा, केबिनमध्ये बहुतेक कंपन्या ७ किलोच नेऊ देतात. मी नेहमी बॅटऱ्या जॅकेटच्या खिशात टाकतो. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये तर चालतच नाहीत.

रंकाळ्याचा_वारा
कोल्हापूरहून आंबोलीला विमान कधी सुरू झालं?

जुना_रोल
आजकालच्या बॅगांचं दुखणं म्हणजे फोम. बाहेरून केवढी तरी दिसते आणि आत हात घातला की निम्मी जागा गादीनेच खाल्लेली. फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात काम करणाऱ्या जिम डॉमकी यांनी सत्तरच्या दशकात स्वतःसाठी कॅनव्हासची झोळीवजा बॅग बनवली, पुढे ती जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावर गेली. गादी जवळपास नाहीच, त्यामुळे अंगाला चिकटून बसते आणि सामान दुप्पट मावतं. आम्ही तर साध्या खाकी झोळीत दोन बॉडी आणि रोलचे डबे घेऊन वारी केली आहे. रोलवरून आठवलं, कोल्हापुरात कृष्णधवल रोल अजून कुणी धुऊन देतं का?

बेडूकराव
आंबोली, पावसाळा आणि मॅक्रो म्हणजे बेडूक. मग बॅगेआधी हे ऐका. रात्री पावसात तुम्ही लेन्स बदलणारच नाही. बदलूच नका. बॉडीवर मॅक्रो, वर फ्लॅश, त्यावर डिफ्यूजर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा), असा जोडलेला संच हातात असतो आणि बाकीच्या लेन्स खोलीवर. त्यामुळे बॅगेत तो संच न सुटता जातो का, एवढंच बघा. डिफ्यूजर कसला आहे? घडीचा असेल तर ठीक, थर्माकोलचा घरगुती असेल तर त्यालाच वेगळी बॅग लागेल.
अजून एक, डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने बेडकाला स्पर्श करू नका. त्यांच्या त्वचेतून सगळं आत जातं. खरं तर हातच लावू नका.

सान_थोर
मोबाइल घ्या हो चांगला. बॅगही नको आणि बुरशीही नको.

बेडूकराव
रात्री, पावसात, पानाखाली लपलेला नखाएवढा बेडूक मोबाइलने काढून इथे टाका. वाट बघतो.

लेन्सकाका
धागाकर्ते, ती "एक झूम" नेमकी कोणती?

रंकाळ्याचा_वारा
२००-५०० एमएम, लांबचे पक्षी काढायची. बॉडी डी ७५००, किटची म्हणजे १८-१४०, मॅक्रो टॅमरॉनची ९०.

पिंगळा
🤦

लेन्सकाका
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं राव. २००-५०० म्हणजे जवळपास २७ सेंटीमीटर लांब आणि २३०० ग्रॅम. तुमची बॉडी बॅटरीसकट ७२० ग्रॅम, १८-१४० साधारण ४९०, ३५ दोनशे, मॅक्रो सहाशे धरा. चौघांची बेरीज दोन किलोच्या आसपास. ती एकटी या चौघांना भारी पडते. ती आत घालायची म्हटलं की "आटोपशीर" शब्द विसरायचा.
ती घरी ठेवत असाल तर काम सोपं आहे. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा. बॉडीला मॅक्रो लावून आडवी ठेवा, शेजारी १८-१४० उभी, फ्लॅश आडवा. ३५ जेमतेम सव्वापाच सेंटीमीटर उंच आहे, तिच्यावर पडदा आडवा टाकला की वर बॅटऱ्या आणि कार्डं बसतात. मग पेनाने चौकोन आखा, पडद्यांसाठी चहूबाजूंनी बोटभर वाढवा आणि पट्टीने मोजा. हे तुमचं आतलं माप. जाहिरातीत बरेचदा बाहेरचं माप ठळक छापतात, आतलं खाली बारीक अक्षरात असतं. तेही दिलं नसेल तर ती बॅग घेऊ नका. लांबी-रुंदीत सगळेच बसवतात, फसगत खोलीत होते: कॅमेऱ्याची मूठ वर येते आणि चेन ताणून लावावी लागते. तुमची चेन बहुधा त्यानेच गेली.

रंकाळ्याचा_वारा
चेन पोराने तोडली. पण २००-५०० न्यायचीच आहे. धनेश दिसला तर?

बेडूकराव
ऐन पावसाळ्यात धुक्यात दहा फुटांवरचं झाड दिसत नाही, धनेश कुठला? तोही एफ ५.६ वर, जिथे उजेडच कमी आत येतो? राहू द्या ती घरी. हिरण्यकेशीला मात्र जाऊन या. तिथल्या देवळाच्या कुंडात सापडलेल्या माशाला २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाली. त्यासाठी ५०० नाही, फक्त डोळे लागतात. पाण्यात उतरू नका.

पिंगळा
"गाडी" म्हणजे चारचाकी ना?

रंकाळ्याचा_वारा
बुलेट.

पिंगळा
धन्य आहात. मग स्लिंग बाद. वळणावर ती पुढे घसरून टाकीवर येते.

मुंगूस
पट्टा घट्ट केला तर अजिबात घसरत नाही.

पिंगळा
आजऱ्याच्या रस्त्याने रेनकोटवर स्लिंग लावून कधी गेलाय का? ओल्या रेक्झिनवर काहीही घसरतं. छातीपट्टा असलेली छोटी सॅकच पाहिजे. आणि कॅरिअरला बांधू नका, थरथरीने लेन्सचे स्क्रू सैल होतात. एकीची फोकस रिंग तशीच हलायला लागली आहे, म्हणून सांगतोय.
माझा उपाय: डिकॅथलॉनची किंवा कुठलीही साधी २० लिटरची ट्रेकिंग सॅक, आणि आत घालायचा कॅमेरा इन्सर्ट वेगळा. म्हणजे कापडी गादीचा डबा, वेल्क्रोचे पडदे असलेला. डबा तळाशी, वर रेनकोट आणि डबा-पाणी. खोलीवर पोचलात की इन्सर्ट उचलून बाहेर. बाहेरून बघणाऱ्याला कॅमेरा आहे हे कळतही नाही.

गोणपाट
+१. फक्त सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. ते बाहेरून असतं, पाठीकडची बाजू उघडीच. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि बॅग यांच्या मधून खाली जातं आणि तळाशी साचतं, नेमका तुमचा इन्सर्ट असतो तिथे. खताच्या गोणीच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी असते ना, ती दुकानातून कोरी मागून घ्या. आधी सॅकमध्ये ती, तिच्यात इन्सर्ट, तोंडाला पीळ देऊन रबर. आम्ही ट्रेकला दुसरं काही वापरत नाही.

आजीचा_बटवा
त्या पिशवीत मूठभर तांदूळ टाका फडक्यात बांधून. ओल शोषून घेतात.

लेन्सकाका
तांदळाची पिठी उडते आणि लेन्सच्या मागच्या काचेवर बसते. सिलिका जेल घ्या. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करायचे, परत निळे होतात. तवा स्वयंपाकाचा नको.

आजीचा_बटवा
आमच्याकडे वर्षानुवर्षं तांदूळच आहेत. काही झालं नाही.

गोणपाट
त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरी आल्यावर सामान बॅगेतून बाहेर काढणं. फोम दमट राहतो आणि बंद बॅगेत बुरशी मजेत वाढते. मुंजीत मिळालेले घट्ट झाकणाचे डबे असतात ना, त्यात लेन्स आणि जेल. बॅग उघडी करून पंख्याखाली.

मुंगूस
डब्यापेक्षा सरळ ड्राय कॅबिनेट घ्या ना, आतली हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाट.

पिंगळा
यांना कुणीतरी आवरा.

रंकाळ्याचा_वारा
पेपरवर मांडून बघितलं. २००-५०० सोडून सगळं २९ बाय १९ मध्ये बसतंय, खोली १४ लागते. त्या मापाचा इन्सर्ट मागवला, गुरुवारी येतोय. सॅक मेव्हण्याची आहे. २००-५०० घरी ठेवतोय, पण धनेश दिसला तर तुम्हा सगळ्यांना जबाबदार धरणार. खताच्या दुकानदाराने कोऱ्या पिशवीचे पैसे घेतले नाहीत, फक्त कशाला हवी ते तीनदा विचारलं.

बेडूकराव
डिफ्यूजरचं सांगितलं नाहीत.

अजून_एक_आयडी
नमस्कार, २००-५०० घरीच पडून असते म्हणालात. विकायची आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

रंकाळ्याचा_वारा
नाही.

जुना_रोल
रोल धुणाऱ्याचं कुणीच सांगितलं नाही.