घोडी एकाच सईसाचं ऐकते, बाकीच्यांना ढकलते. काय करावं?

येऊर_पायथा:
सहा वर्षांची काठियावाडी घोडी, ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी तबेल्यात असते. सकाळचा सईस (घोड्याची निगा राखणारा) असला की शहाण्यासारखी वागते. संध्याकाळचा सईस आला किंवा शनिवारी माझी बारा वर्षांची पुतणी आली, की खांद्याने ढकलते, खिसे हुंगून चावायला बघते आणि मागचा पाय उचलू देत नाही. मार द्यायचा नाही. तिघांशीही नीट वागायला कशी शिकवायची?

पागेवाला:
एका माणसाकडून शिकलेलं दुसऱ्या माणसालाही लागू आहे, हे घोड्याला आपोआप कळत नाही. प्रत्येक माणसाबरोबर ते पुन्हा पक्कं करावं लागतं. आधी शब्द ठरवा. एक जण ‘रुक’, दुसरा ‘थांब’ आणि पुतणी ‘स्टॉप’ म्हणत असेल, तर त्या तीन वेगवेगळ्या खुणा झाल्या.

मग दोर. घोडीच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं. उजव्या हाताने हनुवटीखाली ३०-४० सेंमीवर दोर धरायचा, उरलेला दोर घडी करून डाव्या हातात. हाताला गुंडाळायचा कधीच नाही. घोडी उधळली तर बोटं जातात. मागे घ्यायचं असेल तेव्हा शब्द द्या आणि दोरावर हलका, सलग ताण ठेवा. तिने वजन मागे टाकलं की त्याच क्षणी दोर ढिला. सगळं शिक्षण या ढिलं सोडण्यात आहे. पाऊल मागे पडल्यावरही ओढत राहिलात तर मागे जाऊन सुटका होत नाही असं ती शिकते आणि उलट दोरावरच रेलते. संध्याकाळच्या सईसाचा हात इथेच चुकत असण्याची शक्यता जास्त, तेवढं नीट बघा.

ती अंगावर आली तर तुम्ही मागे सरकू नका. सरकलात तर ढकलल्याने जागा मिळते हे पक्कं होतं. तिलाच दोन पावलं मागे न्या, हातभर अंतर पडलं की शांत उभं राहा. रोज १०-१५ मिनिटं पुरे. आधी सकाळचा सईस करून दाखवेल, मग त्याच्यासमोर दुसरा करेल, मग पहिला पाच-सहा मीटर लांब उभा राहील आणि शेवटी तिथून जाईल. हे जमलं की जागा बदला.

नाल_आणि_खूर:
पायाचं आधी दुखण्यावरून तपासा. ठाण्याच्या पावसाळ्यात तबेल्याची जमीन ओली राहते, खुराच्या तळाचा मऊ त्रिकोण कुजतो. काळा, घाण वासाचा स्राव दिसला तर शिकवणं थांबवून डॉक्टर आणि नालबंदाला बोलवा. दुखणारा पाय ओढून घेणं ही खोडी नाही.

दुखणं नसेल तर शेपटीकडे तोंड करून तिच्या अंगाला लागून उभे राहा. पुठ्ठ्यावरून (मागच्या पायाच्या वरच्या मांसल भागावरून) हात खाली नेत घोट्यापर्यंत या. पाय उचलला की दोन-तीन सेकंदांत, तिने ओढायच्या आधी, स्वतःहून खाली ठेवा. वेळ रोज थोडी वाढवा. ती ओढत असताना सोडलात तर ओढणंच शिकवलंत.

चंदी_चारा:
खाणंही बघा. पावसामुळे काम बंद आणि चंदी (दाण्याचा खुराक) तेवढीच, असं झालं की अंगातली रग सांभाळणाऱ्यावर निघते. ३०० किलोच्या घोडीला सुका चारा दिवसाला साधारण साडेचार ते सहा किलो लागतो; तो कमी करू नका, दाणा कमी करा. शिवाय घोडी साधारण २१ दिवसांनी माजावर येते. ते दिवस वहीत लिहा, म्हणजे चिडचिड तेव्हाचीच आहे का ते कळेल.

येऊर_पायथा:
पुतणी खिशातून गाजर देते. बंद करायला लावू का?

पागेवाला:
हो, आजपासून. गाजर द्यायचंच तर बादलीत, तेही घोडी तोंड बाजूला ठेवून शांत उभी असताना. तिघांनीही पाळायला हवं; एकाने जरी खिशातून दिलं तरी ती सगळ्यांचे खिसे तपासत राहील. पुतणीच्या डोक्यावर हेल्मेट आणि पायात बंद बूट हवेत. ढकलणं पूर्ण थांबेपर्यंत दोर मोठ्या माणसाच्याच हातात राहू दे, पुतणीने फक्त खरारा करावा, म्हणजे घोडीचं अंग घासून साफ करावं. जवळ जाताना खांद्याच्या बाजूने, आवाज देत जायला शिकवा. थेट मागून गेलं तर घोडीला दिसत नाही.