टॉमी जॉन ऑपरेशन: परतायला वर्ष का लागतं?

प्रश्न: बेसबॉलमधल्या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) कोपराचे टाके तर दोन आठवड्यांत निघतात. मग अख्खा सीझन का जातो?

उत्तर १: कोपरातलं तुटलेलं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) नुसतं शिवून सहसा भागत नाही. मनगटाजवळची पामारिस लाँगस ही कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून कोपराच्या हाडांत भोकं पाडून ओवतात. अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवा. मधोमध दोरी उठली तर ती तुम्हाला आहे. काहींना जन्मतः नसते, मग मांडीमागची घेतात.

उत्तर २: वेळ टाक्यांना नाही, त्या कंडरेला रक्तपुरवठा मिळून तिचं लिगामेंट व्हायला लागतो. चार-पाच महिन्यांनी ४५ फुटांवरून हलकी फेक, मग ६०, ९०, १२०. माउंड, म्हणजे पिचर जिथून फेकतो तो उंचवटा, त्यानंतर. दुखणं थांबलं म्हणून टप्पा गाळला की कलम (बसवलेली कंडरा) ताणलं जातं.

उत्तर ३: ज्याच्या नावाने हे ऑपरेशन ओळखतात तो पिचर टॉमी जॉन डावखुरा. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी उजव्या हाताची कंडरा डाव्या कोपरात बसवली. मग नस दबून बोटं आखडली, डिसेंबरात पुन्हा टेबलावर. १९७५ वाया गेलं. तरी २८८ पैकी १६४ विजय त्यानंतरचे, शेवटचा सामना १९८९ मध्ये, वय ४६! भिस्त सिंकरवर (शेवटी खाली बुडणाऱ्या चेंडूवर) होती, वेगावर नाही, हेही धरा. ऑपरेशनने वेग वाढतो म्हणतात ती निव्वळ थाप.