मिशिगन २०२२ : फक्त गर्भपाताचा मुद्दा नव्हता

असं म्हटलं जातं की अमेरिकेत मध्यावधी निवडणुकीत (राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या) त्यांच्या पक्षाला फटका बसतोच, आणि २०२२ मध्ये मिशिगन राज्यात राष्ट्राध्यक्षांचा डेमोक्रॅटिक पक्ष वाचला तो केवळ गर्भपाताच्या मुद्द्यामुळे. अर्धंच पटलं. १९३१ चा गर्भपातबंदीचा कायदा पुन्हा लागू होईल या धास्तीने प्रस्ताव ३ साठी (गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याचा, लोकांच्या मतदानाला टाकलेला प्रस्ताव) साडेसात लाखांवर सह्या जमल्या आणि तो जवळपास ५७ टक्के मतांनी मंजूर झाला, हे खरंच.

पण मतदारसंघांच्या सीमा कोण आखतं, हे विसरू नका. २०१८ मध्ये डेमोक्रॅट्सना राज्याच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत (सिनेट आणि हाउस) एकूण मतं जास्त मिळाली, तरी बहुमत रिपब्लिकनांकडेच राहिलं. त्याच वर्षी लोकांनी मतदानाने सीमा आखण्याचं काम आमदारांकडून काढून १३ सामान्य नागरिकांच्या आयोगाला दिलं : ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कोणत्याच पक्षाचे नाहीत. २०२२ ची निवडणूक त्या नव्या नकाशावरची पहिली. गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट ग्रेचेन व्हिटमर सुमारे साडेदहा टक्क्यांनी जिंकल्या, आणि सिनेट २०-१८, हाउस ५६-५४ असं दोन्हीकडे डेमोक्रॅट्सना निसटतं बहुमत मिळालं. सिनेट तर जवळजवळ चाळीस वर्षांनी. जुन्या नकाशावर हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार याच निवडणुकीत मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या १३व्या मतदारसंघातून अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, गेले. अभिमान वाटलाच. पण बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या त्या शहराला कित्येक दशकांत पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. तिथल्या लोकांची ती खंत मला रास्त वाटते.