शिशाच्या पट्ट्यांची रंगीत काचेची खिडकी फुगली, सोल्डरचा डाग धरत नाही. मदत हवी आहे

अडकलेला_खिळा
खिडकीला मधोमध पोट आलंय, आतल्या बाजूला. दाबलं की करकर वाजतं. तीन-चार सांध्यांवर पुन्हा डाग दिला, पण सोल्डरची गोळी होऊन घरंगळते. एका ठिकाणी पट्टीच वितळून भोक पडलं. खिडकी काढायची नाही, जागेवरच सपाट करून सांधे पक्के करायचे आहेत. कोणतं सोल्डर, किती तापमान? लवकर सांगा, काम अर्धवट पडलंय.

काचकाम
माप काय? एच आकाराची शिशाची पट्टी आहे की तांब्याची फॉइल? काच नुसती रंगीत आहे की तिच्यावर चित्रकामही आहे? मागे आडवे गज आहेत का? आधी दाबणं थांबवा. करकर म्हणजे काचेच्या कडा पट्टीच्या कण्यावर घासताहेत, पुढचा आवाज काच तडकल्याचा असेल.

चिकटराव
एवढा खटाटोप कशाला? बाहेरून फळी लावून रेटा द्या आणि प्रत्येक पट्टीच्या कडेने पारदर्शक सिलिकोन भरा. पाणीही थांबतं.

काचकाम
फळी बाहेरून आणि पोट आत? रेटा कुठल्या बाजूने द्यायचा तेवढं तरी वाचा. साध्या सिलिकोनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते ॲसेटिक ॲसिड असतं. शिशाला ते लागलं की पांढरी भुकटी धरते. शिवाय पुढे खिडकी उकलायची झाली तर प्रत्येक काचेची कड ब्लेडने खरवडावी लागते.

चिकटराव
न्यूट्रल क्युअर सिलिकोन मिळतं, त्यात ॲसिड नसतं.

काचकाम
शिसं वाचेल, खरवडणं वाचणार नाही.

अडकलेला_खिळा
एच पट्टी. ६० बाय ११० सेंमी. बाहेरून दोन गज आहेत, पण खिडकीपासून बोटभर लांब. प्रश्न सोल्डरचा होता.

जुनीचौकट
बोटभर लांब, इथेच सगळं आलं. प्रत्येक गजाला खिडकी तांब्याच्या तारांनी बांधलेली असते. त्या तारा तुटल्या की एवढं वजन नुसत्या शिशावर येतं. ऊन लागलं की शिसं काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं, थंडावल्यावर पूर्ण मागे येत नाही. पट्टी हळूहळू ताणली जाते, काच आणि पट्टीमधली फट भरणारं सिमेंट (तेल-भुकटीचा लगदा) भुकटी होऊन गळतं आणि पोट सुटतं. आता त्या पट्ट्या मूळ मापापेक्षा लांब झाल्या आहेत. जागेवर दाबलं तर ती जास्तीची लांबी जाणार कुठे? काच फुटते. खिडकी काढावीच लागेल.

तांबेपट्टी
फॉइलने करा, अडचणच येत नाही. ३ मिमी काचेला ५.६ मिमी फॉइल, कडा घासून पुसून घ्यायच्या, दोन्ही बाजूंना सारखी दुमडायची. दिव्याच्या शेडला वरच्या कडेला पितळी कडं झाळायचं, म्हणजे घेर पसरत नाही.

काचकाम
खिडकी आहे हो, दिवा नाही.

जुनीचौकट
आता सोल्डरचं. गोळी होते म्हणजे शिशावर ऑक्साइडचा थर आहे. सांधा चाकूच्या पात्याने चकचकीत होईपर्यंत खरवडा, तेवढाच, सगळी पट्टी नको. धूळ कोरडी उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. फ्लक्स म्हणजे सोल्डर धरायला मदत करणारा लेप; तो सौम्य, तेलकट ओलेइक ॲसिडचा घ्या, किंवा टॅलोची (प्राण्यांच्या चरबीची) कांडी वापरा. ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर १९० अंशांच्या आत पूर्ण वितळतं, शिसं ३२७ ला. सोल्डरची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) त्याहून बरीच तापलेली असते, म्हणून टेकवण्याचा वेळ दोन-तीन सेकंदच. भोक पडलं कारण सोल्डर धरेना म्हणून तुम्ही टेकवूनच ठेवलीत. आधी शिशाच्या कापलेल्या तुकड्यावर करून बघा.

सांध्याच्या शेजारी पट्टीला चीर आहे का तेही बघा. सोल्डर ताठ, शिसं मऊ, म्हणून पट्टी डागाच्या कडेलाच मोडते. तिथे आणखी सोल्डर ओतलं की पुढची चीर त्या नव्या कडेला. अशी पट्टी बदलायची असते.

उन्हाचाकवडसा
जुनी काच वर्षानुवर्षं खाली ओघळते, म्हणून खालचा भाग जाड होतो. पोटाचं कारण तेच असेल.

काचकाम
काच ओघळत नाही. जुन्या पद्धतीने फुंकून केलेल्या काचेची जाडी मुळातच कमी-जास्त असायची. एकसारखी सपाट फ्लोट काच १९५९ साली जाहीर झाली. काही खिडक्यांत जाड कड वरही सापडते.

उन्हाचाकवडसा
शाळेत तसंच शिकवलं होतं.

अडकलेला_खिळा
फ्लक्स नळकामाचा वापरला, ॲसिडचा. आणि हो, एका काचेवर चेहरा आहे. अमोनियावाल्या काच-क्लीनरने पुसताना कापसाला काळं लागलं. काजळी असेल ना?

जुनीचौकट
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ती काजळी आहे असं समजू नका. चेहऱ्याच्या रेषा काचेचीच भुकटी आणि धातूची ऑक्साइडं मिसळून भट्टीत ६५० अंशांच्या आसपास भाजलेल्या असतात. भाजणं कमी पडलं असेल तर रेषा पुसून जातात. आणि गेलेली रेषा परत भाजून बसवू नका, जुन्या काचेला भट्टीत तडा जाण्याचा धोका असतो. त्या काचेला आता पाणीही नको. दोन्ही बाजूंनी तिरप्या उजेडात फोटो काढा आणि ती काच जतनकाम करणाऱ्या माणसाला दाखवा. बाकीच्या काचा डिस्टिल्ड पाण्यात किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने. नळकामाचा ॲसिडचा फ्लक्स जिथे लागला तिथून आजच पुसून काढा, नाहीतर शिसं खात राहील.

काचकाम
काढताना क्रम असा ठेवा. आधी जागेवरच फोटो. तडकलेल्या काचांवर दोन्ही बाजूंनी कमी चिकट टेप, चेहऱ्यावर मात्र टेप नाही. खिडकी उभीच उचला, आडवी कधीच नाही, आडवी झाली की मधोमध घडी पडते. फळीला टेकवा आणि फळीसकट आडवी करा. मग कागद ठेवून मेणखडूने सगळ्या पट्ट्यांचा छाप घ्या, काचांना क्रमांक द्या. पोट वर ठेवायचं, सुटलेलं सिमेंट लाकडी काडीने काढायचं, वर पसरट हलकं वजन, आणि रोज थोडं थोडं वाढवायचं. घाई केलीत तर फुटेल. सांध्यांशेजारी चिरा बऱ्याच निघाल्या तर सपाट करत बसू नका, पूर्ण उकलून नव्या पट्ट्यांत बसवा.

सिमेंट: उकळलेलं जवसाचं तेल २ भाग, टर्पेंटाइन १ भाग, काकवीइतकं दाट होईपर्यंत व्हाइटिंग (खडूची भुकटी), रंगापुरती काजळी. ब्रशने पट्टीच्या पात्यांखाली कोंबा, चेहऱ्याच्या काचेजवळ ब्रश नको, तिथे बोटाने. जास्तीचं कोरड्या व्हाइटिंगने टिपा, दुसऱ्या दिवशी टोकदार काडीने कडा साफ करा. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

शेवटी तारा: दीड मिमी तांबं, १० सेंमीचे तुकडे, गजासमोर येणाऱ्या सांध्यावर मधोमध डाग, गजाभोवती पिळून दुमडायचं. गज गंजलेले असतील तर आधी गंज काढून रंगवा.

चिकटराव
आणि बाहेरून पॉलिकार्बोनेटचा (पारदर्शक प्लास्टिकचा) पत्रा ठोका, कायमचं संरक्षण.

जुनीचौकट
बंद पोकळीत ऊन कोंडतं आणि पाणी साचतं, तारा पुन्हा तुटतील. लावायचंच तर वर-खाली हवेला वाट ठेवून.

अडकलेला_खिळा
ठीक, काढतो. पण चौकटीतली लांबी (पुट्टी) दगडासारखी झाली आहे. हीट गन चालेल का?

काचकाम
काचेच्या कडेला नको. एका जागी ताप बसला की तडकते, शिवाय शिसं वितळेल. बोथट पटाशीने दोन-तीन सेंमीचे तुकडे करत सुटवा, धार चौकटीकडे, काचेकडे कधीच नाही. धुळीत शिसं असतं, मास्क लावा, हात धुतल्याशिवाय खाऊ नका. आणि चौकट लाकडाची आहे की दगडाची, ते अजून सांगितलेलं नाहीत.